लाल पट्टा : पेण-रोह्याच्या कातळाने हवेचं काय केलं?

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकण्यापेक्षा निवांत वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना मी जिथे जिथे भरकटलो ते कापलंय, बाकी सगळं जवळपास तसंच आहे.

सुरुवात घरातून करतो. मी पेणचा, आजोळ रोहा. नोव्हेंबर २०२५ मध्ये माझा मावसभाऊ आखातातून सुट्टीवर येणार होता. रोह्याला आजीने दोन दिवस आधीच तांदळाचं पीठ दळून ठेवलं होतं. २४ तारखेला त्याचा मेसेज आला : फ्लाइट रद्द. कारण काय, तर इथिओपियात ज्वालामुखी फुटलाय.

आजीने फोनवर मला विचारलं, "तू इंजिनियर ना रे, मग सांग. डोंगर फुटला तिकडे आफ्रिकेत, आणि विमान इकडचं का अडलं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. आजचा भाग म्हणजे त्याचंच लांबलेलं उत्तर आहे. लांबलं अशासाठी, की शोधत शोधत मी इथिओपियातून फिरून परत रोह्यालाच आलो.

राख आणि वायू, दोन वेगळ्या गोष्टी

२३ नोव्हेंबरला इथिओपियाच्या अफार भागातला हायली गुब्बी हा ज्वालामुखी फुटला. तो याआधी फुटल्याची ज्ञात इतिहासात नोंद नव्हती. त्याचा ढग सुमारे १४ किलोमीटर उंच गेला, तांबडा समुद्र ओलांडून येमेन-ओमानवरून निघाला आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत गुजरात-राजस्थानवरून दिल्लीकडे पोहोचला. म्हणजे साधारण ४ हजार किलोमीटरचा प्रवास दीड दिवसात. २५ तारखेला तो चीनच्या दिशेने सरकला.

विमानांना भीती असते ती राखेची. ही राख आपल्या चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते. ते दगडाचे आणि काचेचे बारीक कण असतात. जेट इंजिनाच्या उष्णतेत ते वितळतात आणि आतल्या पात्यांवर थर होऊन बसतात. इंजिन बंद पडू शकतं. म्हणून फ्लाइट रद्द. भाऊ नंतर आला, पीठही कामी आलं.

पण जमिनीवरच्या आपल्या हवेत त्या दिवशी फारसा फरक पडला नाही, कारण ढग फार वरून गेला. दिल्लीची हवा त्या आठवड्यात खराब होती, पण ती दिल्लीच्या स्वतःच्या कर्तृत्वाने.

राख जड असते. काही तासांत, फार तर काही दिवसांत खाली बसते. ज्वालामुखीची खरी लांब पल्ल्याची करामत असते वायूंची, आणि त्यातही सल्फर डायऑक्साइडची. हा वायू पावसाच्या ढगांच्या पट्ट्यात राहिला तर थोड्याच दिवसांत पाण्याबरोबर धुऊन खाली येतो, आम्लाचा पाऊस होऊन. पण तो त्याच्याही वर, म्हणजे स्थितांबरात गेला, तर तिथे पाऊसच नसतो. धुणार कोण? तिथे त्याचे सल्फ्युरिक आम्लाचे अतिसूक्ष्म थेंब बनतात आणि वर्ष-दोन वर्षं तरंगत राहतात. सूर्याचा थोडा प्रकाश ते वरच्या वर परत पाठवतात. खाली पृथ्वी थंड होते.

१९९१ च्या जूनमध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला तेव्हा हे पहिल्यांदा उपग्रहांनी नीट मोजलं. दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला आणि पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. अर्धा अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण मान्सून चालतो जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकावर. असा पडदा आला की समुद्रापेक्षा जमीन लवकर गार होते, फरक कमी होतो आणि पावसाचा जोर ओसरतो.

मुंबईने तर याहून जुना एक अनुभव घेतलाय. २७ ऑगस्ट १८८३ ला इंडोनेशियातला क्राकाटोआ फुटला. तिथून मुंबई साडेचार हजार किलोमीटर. तरी त्या स्फोटाने हवेत उठलेली दाबाची लाट मुंबईच्या वायुभारमापकावर उमटली. पुढच्या महिन्यात दक्षिण भारतात लोकांनी चक्क हिरवा सूर्य पाहिला. लोक घाबरले असणारच.

आजीचा पाटा-वरवंटा

हे सगळं मी आजीला माझ्या परीने सांगितलं. ती म्हणाली, "बरं आहे, आपल्याकडे नाही ते."

आणि हे बोलताना ती ओट्यावरच्या वरवंट्यावर हात ठेवून उभी होती. मला हसू आलं. कारण तो वरवंटा म्हणजे लाव्हाच आहे.

पेण, नागोठणे, रोहा, सगळं एका गोठलेल्या लाव्हाच्या समुद्रावर वसलंय. अवचितगडाचा कातळ, पालीच्या सरसगडाचा सुळका, कुड्याची लेणी ज्यात कोरली तो डोंगर, रेल्वे रुळांखालची खडी, दारातली पायरी, सगळा एकच काळा दगड : बेसाल्ट. शाळेत आपण 'दख्खनचं पठार अग्निजन्य खडकाचं' असं एका मार्कासाठी पाठ करतो आणि सोडून देतो. त्या एका वाक्यात काय दडलंय ते कोणी सांगत नाही.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत आजच्यापेक्षा पुष्कळ दक्षिणेला होता, आजच्या रियुनियन बेटाच्या आसपास. तिथे खालून प्रचंड उष्णता वर येत होती. रियुनियनचा ज्वालामुखी आजही जागा आहे. आपण त्याच्यावरून सरकत सरकत इकडे आलो. त्या काळात इथे एखादा शंकूच्या आकाराचा डोंगर फुटला असं झालं नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा उतू गेला. एकावर एक थर. आज उरलेला पसारासुद्धा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. एकूण लाव्हा १० लाख घन किलोमीटर किंवा त्याहून जास्त असावा असं मानतात.

ते थर झिजून सह्याद्रीला पायऱ्या-पायऱ्यांचा आकार आला. म्हणून या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. स्वीडिश भाषेत 'ट्राप्पा' म्हणजे जिना. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात या आडव्या थरांबद्दल लिहिलं. त्यानंतर १९४९ मध्ये जॉन ऑडेन या भूवैज्ञानिकाने पश्चिम भारतातल्या 'डाइक'वर लेख लिहिला. डाइक म्हणजे त्या भेगांमध्येच गोठून राहिलेला लाव्हा, कातळात उभी घातलेली भिंतच. अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर ओहोटीला अशा भिंती समुद्रात घुसताना दिसतात. (हे ऑडेन म्हणजे प्रसिद्ध इंग्रजी कवी ऑडेनचे सख्खे भाऊ.)

आता मुद्द्याची गोष्ट. लहानपणी खडीच्या ढिगाऱ्यात आम्ही पांढऱ्या चकचकीत गारगोट्या शोधायचो. काळ्या दगडात छोटी छोटी भोकं असतात आणि काहींच्या आत हे स्फटिक. ती भोकं म्हणजे लाव्हातले बुडबुडे. दगड गोठला, वायू निघून गेला, जागा राहिली. नंतर पाणी झिरपून तिथे स्फटिक वाढले. म्हणजे रोह्याच्या दगडातलं प्रत्येक भोक ही एक पावती आहे : इथून काहीतरी हवेत गेलं.

किती गेलं?

थोडा हिशोब

याचा अंदाज घ्यायला माणसांनी लिहून ठेवलेला एक उद्रेक उपयोगी पडतो. ८ जून १७८३ ला आइसलँडमध्ये लाकी इथे २७ किलोमीटर लांबीच्या रेषेत जमीन फाटली. आठ महिने लाव्हा वाहिला, सुमारे १५ घन किलोमीटर. पद्धत आपल्या दख्खनसारखीच : भेग आणि उतू जाणारा लाव्हा. त्याबरोबर सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडला.

लाव्हाखाली सापडून माणसं मेली नाहीत. हवेने मारलं. फ्लोरिनने गवत विषारी झालं, निम्म्याहून जास्त जनावरं गेली, आणि मग उपासमारीत आइसलँडची सुमारे पाचवा हिस्सा माणसं. युरोपभर कोरडं धुकं पसरलं. इजिप्तमध्ये नाईलला पाणी कमी आलं आणि दुष्काळ पडला. संगणकावर त्या वर्षाचं हवामान पुन्हा चालवून पाहिलं तर आफ्रिकेचा आणि भारताचा मान्सून कमजोर पडलेला दिसतो. त्याच सुमाराला, १७८३-८४ मध्ये, उत्तर भारतात 'चालीसा' दुष्काळ पडला; विक्रम संवत १८४० म्हणून चालीसा. पण इथे जपून बोलायला हवं. तिथली अवर्षणं लाकीच्या आधीच सुरू झाली होती. लाकीने आगीत तेल ओतलं असेल, आग त्याने लावली नव्हती.

आता माझा रविवार दुपारचा हिशोब. १० लाख घन किलोमीटर भागिले १५ : साधारण ६६ हजार. म्हणजे दख्खन म्हणजे ६६ हजार लाकी. हे सगळं झालं ते मोटामोटी ७ लाख वर्षांत. भागाकार केला तर दर दहा-अकरा वर्षांनी एक लाकी, सलग ७ लाख वर्षं.

हा आकडा आला तेव्हा मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

पण माझ्या कामात एक गोष्ट रोज शिकायला मिळते : सरासरीवर विश्वास ठेवू नकोस. सर्व्हरवर दिवसभराचा सरासरी भार ठीक दिसतो, आणि सकाळी दहाला तो कोसळलेला असतो. दख्खनचंही तसंच. लाव्हा सतत वाहत नव्हता. एकदा उतू गेला की मग शेकडो, कधी हजारो वर्षं शांतता. मधल्या काळात हवा धुऊन निघायची, जमीन सावरायची. जीवसृष्टीसाठी एकूण लाव्हा किती यापेक्षा दोन उद्रेकांमधली उसंत किती होती, हा प्रश्न जास्त मोठा.

पोलादपूरवरून भांडण

हा प्रश्न का मोठा, तर याच काळात डायनासोर संपले.

१९८० मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बाप-लेकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलं, की एक प्रचंड अशनी पृथ्वीवर आदळला आणि त्याने हा नाश झाला. पुढे मेक्सिकोत चिकशुलूबचं विवर ओळखलं गेलं, म्हणजे पुरावाही मिळाला. पण १९८० च्याच दशकात फ्रान्सचे कुर्तियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनचा दगड तपासून दाखवलं, की हे उद्रेकही त्याच सुमाराचे आहेत आणि भूशास्त्राच्या मानाने फार कमी काळात झालेत. मग गुन्हेगार कोण? प्रिन्स्टनच्या गेर्टा केलर वर्षानुवर्षं ठामपणे सांगत आल्या : दख्खन.

या जागतिक भांडणाचा कागद आपल्या जिल्ह्यात आहे, हे मला तिशीला आल्यावर कळलं. शास्त्रज्ञांनी लाव्हाच्या थरांना दिलेली नावं बघा : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. एखाद्या एसटीच्या पाटीसारखी यादी आहे. यातली शेवटची तीन तर एकाच प्रवासात भेटतात. महाड सोडून पोलादपूरला या, आंबेनळी घाट चढा आणि महाबळेश्वरला उतरा. खिडकीबाहेर जे उलगडतं ते पृथ्वीच्या इतिहासातलं बहुधा सगळ्यात वादग्रस्त पान. घाटात आपण वडे खातो आणि माकडांचे फोटो काढतो.

फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एकाच वेळी दोन लेख आले. दोघांनी याच घाटांमधले नमुने तपासले होते. ब्लेअर शोन यांचा गट म्हणाला, उद्रेकांचे चार मोठे झटके होते आणि त्यातला पोलादपूरचा झटका अशनी आदळण्याच्या काही दहा हजार वर्षं आधी सुरू झाला. कोर्टनी स्प्रेन आणि पॉल रेनी यांचा गट म्हणाला, लाव्हा बऱ्यापैकी सलग येत होता आणि त्यातला मोठा हिस्सा अशनीनंतर आला. कदाचित त्या धक्क्यानेच खालचा रस आणखी ढवळला.

हवेच्या बाजूने पाहिलं तर चित्र थोडं स्पष्ट आहे. समुद्रतळाच्या गाळातून कळतं, की नाशाच्या दोन-तीन लाख वर्षं आधी पृथ्वी काही अंशांनी तापली होती आणि मग पुन्हा निवली. तापवणारा होता दख्खनमधून निघालेला कार्बन डायऑक्साइड. म्हणजे सल्फर थोड्या वर्षांसाठी थंड करतो आणि कार्बन हजारो वर्षं तापवतो, अशी दुहेरी ओढाताण. आज बहुतेक अभ्यासक शेवटच्या घावाचा दोष अशनीला देतात. दख्खनचा वाटा किती, यावर वाद चालू आहे.

घड्याळ लाल पट्ट्यात आहे

या दोन गटांपैकी शोन यांनी वय कशावरून काढलं, ते ऐका.

घाटात किंवा खाणीत काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कधी कधी विटेसारखा लाल पट्टा दिसतो. वीतभर, हातभर, कुठे त्याहून जाड. इंग्रजीत त्याला 'रेड बोल' म्हणतात. लाव्हा थांबला, वरचा दगड उन्हापावसाने सडला, माती झाली, आणि तिच्यावर पुढचा लाव्हा आला. म्हणजे लाल पट्टा ही ती उसंत. हवेने श्वास घेतला तो काळ.

याच मातीत दूरच्या उद्रेकांची राख येऊन पडायची. तिच्यात झिरकॉन नावाचे सूक्ष्म स्फटिक सापडतात. त्यातल्या युरेनियमचं ठरावीक गतीने शिसं होतं, त्यावरून वय निघतं. माझ्या भाषेत सांगायचं तर काळा थर म्हणजे डेटा, आणि लाल पट्टा म्हणजे टाइमस्टॅम्प.

आजोळच्या घरामागे थोड्या अंतरावर खडीची एक खाण आहे. मी सातवी-आठवीत असताना तिच्या भिंतीत असा एक पट्टा स्पष्ट दिसायचा. मामा म्हणायचा, "डोंगराला कुंकू लावलंय." आम्ही तिथली माती आणून मातीच्या किल्ल्याच्या तटाला फासायचो. या दिवाळीला मुद्दाम बघायला गेलो. भिंत तिथे नाही. सुरुंग लावून तेवढा भाग काढून नेलाय आणि आता तिथे हिरवं पाणी साठलंय.

मी खडीच्या विरोधात नाही. ज्या हायवेने मी पेणला येतो तो याच खडीचा, ज्या स्लॅबखाली झोपतो तोही याच खडीचा. रोह्यात कित्येक घरं या धंद्यावर चालतात. पण कोणीतरी एकदा येऊन मोजमाप घ्यावं, फोटो काढावा, पिशवीभर माती ठेवावी, एवढंही झालं नाही. माझ्याकडेसुद्धा त्या भिंतीचा एक फोटो नाही. त्याचं मला वाईट वाटतं. ६.६ कोटी वर्षं टिकलेली नोंद आम्ही बघत असताना गेली, आणि ती नोंद होती हेच आम्हाला माहीत नव्हतं.

उरलेले दोन प्रश्न

हा भाग तयार करताना मित्रांनी दोन प्रश्न हमखास विचारले.

पहिला : पालीजवळच्या उन्हेऱ्याला गरम पाण्याची कुंडं आहेत, म्हणजे खाली ज्वालामुखी जिवंत आहे का? नाही. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. रस वगैरे काही खदखदत नाही. निर्धास्त डुबकी मारा.

दुसरा व्हॉट्सॲपवरचा : "एक ज्वालामुखी फुटला की माणसाच्या शंभर वर्षांएवढा कार्बन सोडतो, मग आपल्यालाच का दोष?" हे साफ चूक आहे. आपण कोळसा, तेल आणि गॅस जाळून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून त्याच्या एक-दोन टक्केही सोडत नाहीत. आणि दख्खनने जे केलं ते लाखो वर्षांत, मधे लाल पट्ट्याएवढी उसंत घेत घेत. आपण दोनशे वर्षांत, एकही उसंत न घेता.

शेवटी एक चांगली गोष्ट. ज्या दगडाने हा कार्बन सोडला, तोच दगड तो परतही घेतो. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ते किंचित आम्ल होतं, बेसाल्टमधलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडवून घेतं आणि कार्बन बायकार्बोनेटच्या रूपात नदीतून समुद्रात जातो. उष्ण हवा, भरपूर पाऊस आणि बेसाल्ट, हे तिन्ही जिथे एकत्र येतं तिथे हे काम जोरात चालतं. आपल्या जिल्ह्यात वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे दर पावसाळ्यात अंबा, भोगावती आणि कुंडलिका जुनं कर्ज थोडं थोडं फेडत असतात. हीच क्रिया वेगाने व्हावी म्हणून आता बेसाल्टची भुकटी भातशेतीत टाकायचे प्रयोग भारतात सुरू आहेत. ती भुकटी आपल्याकडे क्रशरच्या बाजूला ढिगाने पडलेली असते.

पण फेडण्याचा हा वेग हजारो-लाखो वर्षांचा आहे. आपण नवं कर्ज घेतोय त्याच्यापुढे तो काहीच नाही.

भाऊ परत जायच्या आदल्या रात्री हे सगळं मी घरी सांगितलं. आजीने शांतपणे ऐकलं. मग वरवंटा उचलून वाटण वाटायला घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे हा एवढा तापट होता होय!"

तुमच्या गावाजवळच्या खाणीत, घाटात किंवा विहिरीत लाल पट्टा दिसला तर एक करा. मोबाइलने फोटो काढा. शेजारी एक पट्टी किंवा निदान चप्पल ठेवा, म्हणजे जाडी कळेल. ठिकाण आणि तारीख लिहून आम्हाला पाठवा. खाणीत उतरू नका, कडेवरूनच काढा. जमतील तेवढे फोटो एकत्र ठेवू.

भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.